दाजींच्या मोबाईलचं अधिक सहा

मला किळस पटकन येते. दुधावरची साय चहात तरंगताना दिसली तरी येते, कुणी बोटाला थुंकी लावून नोट मोजली तरी येते. पण यंदाच्या भाऊबीजेला आमच्या दाजींच्या मोबाईलनं जी आणली, तिच्यापुढं या सगळ्या किळसा म्हणजे अत्तर.

आक्का माझी थोरली बहीण, शुक्रवार पेठेत दिलेली. लहानपणापासून आमचा रिवाज असा की भाऊबीजेला ओवाळण्याआधी बुद्धिबळाचा एक डाव व्हायचा आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याची एक गोष्ट मुकाट्यानं ऐकायची. एका वर्षी मी तिला महिनाभर मला ‘साहेब’ म्हणायला लावलं. दुसऱ्या वर्षी तिनं मला तिच्या भिशीच्या बायकांसमोर लावणी करायला लावली. मी ती केली, पदर घेऊन, अदेसकट, आणि त्या बायका अजून मला रस्त्यात ओळख देतात.

यंदा सोंगट्या मांडता मांडताच आक्कानं सांगितलं, "मी जिंकले तर उद्या माझ्यासोबत तोंडाच्या डॉक्टरकडं यायचं. नवी पेठेत. मी विचारून ठेवलंय."

मी मावा खातो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेली ती ओली गोळी. चिंचोळीच्या आमच्या कारखान्यात दुपारी कुणाच्या ना कुणाच्या तळहातावर ती असतेच. गेल्या काही महिन्यांत माझं तोंड जेमतेम दोन बोटं उघडायला लागलं होतं आणि तिखट लागलं की गाल पेटायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आक्कानं जेवताना पाहून ओळखलं असणार. डॉक्टर काय सांगेल याची मला इतकी भीती होती की मी चढ्या आवाजात उलट अट घातली: ती हरली, किंवा नुसती बरोबरी झाली, तरी वर्षभर या विषयावर तिनं एक शब्द काढायचा नाही. ती लगेच हो म्हणाली.

त्या दिवशी ती अशी खेळली की जणू सोंगट्यांनी तिचं सोनं गहाण टाकलं होतं. तिनं एक प्यादं शेवटपर्यंत रेटलं आणि त्याचा वजीर केला; राजाशिवाय तिच्याकडं तेवढाच उरला. माझ्याकडं उरला एक हत्ती आणि एक प्यादं. कुणीही म्हणालं असतं, संपलं. पण मी हरामखोर माणूस. माझं प्यादं मूळ घरातून हललेलंच नव्हतं, राजा त्याच्या पाठीशी चिकटलेला, आणि हत्ती प्याद्याच्या पुढं तिरक्या घरात, प्याद्याच्याच राखणीखाली. हत्तीला जायला दुसरं घर होतं, तेही प्याद्याच्याच राखणीतलं. तो या घरातून त्या घरात, त्या घरातून या घरात. हत्तीची ती ओळ ओलांडून तिच्या राजाला आत येता येत नव्हतं आणि एकट्या वजिराला मात करता येत नव्हती. याला बुद्धिबळात तटबंदी म्हणतात. आत बसायचं आणि बाहेरच्याला दमवायचं.

तेवढ्यात दाजी आले. स्वयंपाक झाला होता. डाव अर्धवट असला तर निकाल वडील द्यायचे. जिंकतो म्हणणाऱ्याला ते एवढंच म्हणायचे, कसा जिंकतोस ते दाखव. वडील गेल्यापासून ते काम दाजींकडं आलं, आणि दाजी बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या मोबाईलकडं. पाणी कधी प्यायचं हेही त्यांना मोबाईल सांगतो. त्यांनी पटाचा फोटो काढला, बोटानं दोन-तीन ठिकाणी दाबलं आणि न्यायाधीशासारखा घसा साफ केला.

"अधिक सहा. आक्का जिंकली. पानं घ्या."

मी विचारलं, अधिक सहा म्हणजे काय. दाजी म्हणाले, आक्काची बाजू किती जड त्याचा आकडा, सहा म्हणजे लई झालं, दोनलाच लोक डाव सोडतात. मी म्हणालो, "दाजी, जिंकलीय ना? मग मोबाईलला म्हणावं, जिंकून दाखव की."

आक्का ताटं वाढायची थांबली. दाजींनी आक्काच्या बाजूनं मोबाईल बसवला. यंत्र सांगेल ती खेळी ते पटावर करणार, आणि समोर मी.

आता ऐका. वजीर डावीकडून आला, शह. राजा सरकला. वजीर उजवीकडून आला, शह. हत्ती आडवा आला. वजीर मागं गेला, विचार केल्यासारखं केलं आणि पुन्हा डावीकडून आला. एसटी स्टँडवर सुट्टे पैसे नसलेला माणूस जसा प्रत्येक टपरीवर जाऊन परत पहिल्या टपरीवर येतो, तसा. आणि प्रत्येक खेळीनंतर आकडा तोच. अधिक सहा. राजाला आत यायला फट नाही, पुढं काही घडत नाही, तरी अधिक सहा. चुकलं तर माणूस निदान डोकं खाजवतो. हे यंत्र खाजवतही नाही. त्याला वजीर दिसतो, समोर हत्ती दिसतो, वजनाचा हिशेब होतो आणि तेवढ्यावर ते छाती काढून बसतं. मोठ्या यंत्रांकडं इतक्या थोड्या सोंगट्या उरलेल्या डावांची उत्तरं आधीच पूर्ण सोडवून ठेवलेली असतात, ती यंत्रं एका क्षणात बरोबरी म्हणून मोकळी होतात. दाजींच्या फुकटातल्या ॲपकडं तो साठा नव्हता. माहीत नाही म्हणायची लाजही नव्हती.

हीच ती किळस. ज्या विषयात आपल्याला काही कळत नाही त्याच विषयावर मोठ्या आवाजात बोलणारे पाहुणे लग्नात भेटतात ना, ते आठवले.

कुणाची सोंगटी न मरता आणि प्यादं न हलता पन्नास खेळ्या झाल्या की डाव बरोबरीत सुटतो. तिथपर्यंत आम्ही खेळलो. आमटीवर तवंग धरला. मी शेवटची खेळी नाटकातल्या राजासारखी हात फिरवून केली. दाजी मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाले, अजून सहाच दाखवतंय, अजून खेळलं तर जिंकेल.

"अहो, ठेवा तो," आक्का म्हणाली. "बरोबरी झाली. आता मी बोलायची नाही."

आणि ती खरंच बोलली नाही. पाट मांडला, मला बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. मग ताटातला बेसनाचा लाडू उचलला. दरवर्षी ती अख्खा लाडू माझ्या तोंडात कोंबते आणि मी गुदमरल्याचं सोंग करतो. यंदा तिनं तो तळहातावर घेतला, बोटांनी चुरला, आणि चिमणीच्या पिलाला द्यावा तसा एकेक कण माझ्या ओठांत सरकवायला लागली. खाली बघून.

तिसऱ्या कणाला मी म्हणालो, "उद्या किती वाजता?"

"मी बोलायचं नाहीये."

"मी विचारतोय की."

"साडेदहा," आक्का म्हणाली, आणि उरलेला चुरा तिनं स्वतःच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेत, कापडाच्या दुकानावरच्या दवाखान्यात, मी खुर्चीत आडवा. डॉक्टरबाईंनी आत आरसा घातला, बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की गालाची कातडी आतून ताठ झालीय, एक पांढरा डाग आहे, त्याचा तुकडा तपासायला पाठवू. मावा आजपासून बंद. आणखी उशीर केला असता तर मी वेगळं बोलले असते, असंही म्हणाल्या. आक्का माझ्या उशाशी उभी होती. तिनं पर्स पोटाशी घट्ट धरली होती.

डॉक्टरबाईंनी पुन्हा आरसा आत घातला, तेवढ्यात पडद्यापलीकडून दाजींचा आवाज आला. बाहेर बसलेल्या पेशंटांना ते सांगत होते की आमच्या मेव्हण्यानं काल लई वाद घातला, पण मोबाईलनं आधीच सांगितलं होतं, आक्का जिंकणार म्हणून. बघा, आलाच की नाही. कुणीतरी विचारलं, कुठलं ॲप हो.

मी आरशासकट ओरडायचा प्रयत्न केला की बरोबरी होती, पन्नास खेळ्या झाल्या होत्या. नुसता घरघराट निघाला. डॉक्टरबाईंना वाटलं दुखतंय, त्यांनी हात आवरला.

"काही दुखत नाही त्याला," आक्का म्हणाली. "तुम्ही बघा निवांत."