चिठ्ठी ताजी पाहिजे

वडूजला आमच्या कोपऱ्यावरचे औषधवाले चिठ्ठी उजेडात धरून, कोर्टात पुरावा तपासावा तशी वाचतात. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागितली, तर मला म्हणाले, "जागं ऱ्हावा की मग!"

परवा एक निवृत्त सुभेदार धापा टाकत आले. बायकोच्या फिटवरच्या गोळ्या संपलेल्या आणि हातात जुनी चिठ्ठी.

"आवं, द्या की! तिला झटका आला तर?"

"ह्या गोळ्यांना ताजी चिठ्ठी लागती. न्हाई जमायचं."

"माणूस हाय का दगड?"

औषधवाल्यांनी गोळ्या स्वतःच्या खिशात घातल्या, शटर ओढलं आणि सुभेदारांना स्कूटरवर घालून सरकारी दवाखाना गाठला. तिथे डॉक्टरांच्या सहीची शाई वाळायच्या आत गोळ्या सुभेदारांच्या मुठीत होत्या. वर दटावणी, "बघताय काय? पळा!"