घरी सोडले

माझी आत्या तीस वर्षं एका सरकारी इस्पितळाच्या रेकॉर्ड खोलीत कारकून होती. खोली तळघरात. लोखंडी मांडण्या, छतापर्यंत गठ्ठे आणि कोपऱ्यात तिचं टेबल. सगळे तिला फाईलताई म्हणत. दहा वर्षांपूर्वीचा पेशंट कार्ड हरवलं म्हणून आला, तर त्याच्या तोंडाकडे बघत ती म्हणायची, "जिन्यावरून पडला होतात ना? थांबा." पाच मिनिटांत फाईल हजर.

तिच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा इस्पितळात नवा प्रोग्राम आला. पेशंटचं वय, नाडी, रक्ताचे आकडे भरले, की त्याला धोका किती ते स्क्रीनवर दिसायचं. लाल, पिवळा नाहीतर हिरवा. तो प्रोग्राम शिकला होता तो इस्पितळाच्याच जुन्या कागदांवरून. त्यासाठी चार महिने माणसं तळघरात फायली स्कॅन करत होती. डबा खाताना आत्या त्यांना म्हणायची, "सगळं झालं की मलाही त्या काचेवर आडवं करा."

एका दुपारी ती एक फाईल द्यायला हृदयविभागात गेली. बाकावर एक गवंडी बसला होता. पाय सुजून टम्म झालेले, एक वाक्य बोलायला तीनदा दम घेत होता. शेजारी बायको पिशवी धरून उभी. स्क्रीनवर हिरवा रंग होता.

"याला घरी पाठवताय?" आत्यानं डॉक्टरबाईंना विचारलं.

"मलाही नवल वाटतंय, ताई. पण असे आलेले बहुतेक सगळे बरे होऊन घरी गेलेत. तुमच्याच फायली सांगतात तसं."

"घरी गेले, ते खरं. पण बरे होऊन नाही गेले."

डॉक्टरबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग आत्यानं सांगितलं. जुन्या फॉर्मवर शेवटी दोनच चौकटी होत्या. एक 'मृत्यू', दुसरी 'सुधारणा, घरी सोडले'. हृदय थकलेल्या कितीतरी लोकांना घरचे सही करून घेऊन जायचे. कुणाची रोजी बुडत असायची, कुणाची पोरं घरी एकटी असायची, कुणाला डॉक्टरांनीच हळू आवाजात 'आता घरीच न्या' असं सांगितलेलं असायचं. यांना कुठे टाकायचं, असं आत्यानं नोकरीच्या पहिल्या महिन्यात विचारलं होतं. हेडक्लार्क म्हणाले होते, "जिवंत बाहेर पडला ना? मग दुसऱ्या चौकटीत." तेव्हापासून ती दुसऱ्या चौकटीत टिक करत आली.

डॉक्टरबाईंनी गवंड्याला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची तब्येत एकदम ढासळली, पण तो खाटेवर होता आणि माणसं हाताशी होती. नऊ दिवसांनी तो चालत घरी गेला.

"पण ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या सांगण्यावरून कुणी मशीन बदलणार नाही. कोण, किती, कधी गेले, ते दाखवावं लागेल."

हृदयविभागाच्या तशा दोनशे बारा फायली निघाल्या. इस्पितळानं पत्र दिलं आणि आत्या फोन घेऊन बसली. अर्धे नंबर बंद होते, मग ती पत्ते शोधत निघाली. सुट्टीच्या दिवशी कधीकधी मीही सोबत असायचे.

एका ड्रायव्हरच्या बायकोनं दारातच विचारलं, "सुधारणा? असं लिहिलंय? अहो, तिसऱ्या दिवशी गेले ते. या, बसा ना." तिनं तारीख सांगितली, वेळही सांगितली. एका म्हाताऱ्यानं मुलाचा फोटो भिंतीवरून काढून आमच्या हातात दिला आणि बराच वेळ परत मागितलाच नाही. आणि एका घरात तरुण मुलीनं पत्र वाचलं, त्याखालची आत्याची सही आणि आम्ही नेलेल्या जुन्या फॉर्मवरची सही ताडून पाहिली, आणि म्हणाली, "हे तुम्हीच लिहिलंत? मग तेव्हा का नाही आलात विचारायला?" मुलीनं दार लावून घेतलं.

त्या दिवशी परतताना आत्या स्टॉपवर बसली आणि बस आली तरी उठली नाही.

"मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं गं," ती म्हणाली. "पण एकदाही वाटलं नाही, बघावं तरी पुढे काय झालं."

"तुझं काम होतं का ते?"

"कुणाचंच नव्हतं." मग ती पिशवीतून यादी काढून पुढचा पत्ता बघू लागली.

सात महिने लागले. एकशे एकाहत्तर घरं सापडली. त्यांतली एकशे अठ्ठावीस माणसं महिन्याच्या आत गेली होती. प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचे दोन इंजिनीअर आले. आधी ते घड्याळात बघत होते, यादी वाचायला लागल्यावर बघायचे थांबले. "मॅडम, हिरवा रंग दिसल्यामुळे किती जणांना परत पाठवलं असेल?" एकानं डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तेही आता शोधावं लागेल." हृदयविभागातली ती स्क्रीन तेव्हापासून बंद ठेवली. फॉर्मवर 'घरच्यांनी नेले' अशी तिसरी चौकट आली, आणि घरी गेलेल्या प्रत्येकाला महिन्यानं फोन करायची पद्धत सुरू झाली.

त्यानंतर दीड महिन्यानं गवंड्याच्या बायकोनं आपणहून तळघरात फोन केला. "काल गेले," ती म्हणाली. "तुम्ही लिहून ठेवता ना, म्हणून सांगितलं." आत्यानं तारीख लिहून घेतली. मग फोन कानाला तसाच धरून ती बाई बोलेल तेवढा वेळ ऐकत राहिली. घर चालवता येईल इतकं गवंडीकाम त्यांच्या थोरल्यानं शिकून घेतलंय, असं काहीबाही ती सांगत होती, आणि आत्या नुसतं "हो का, हो का" म्हणत होती.

न सापडलेली एकेचाळीस नावं उरली. इंजिनीअर म्हणाले, मोकळी जागा मशीनला चालत नाही, जुनीच नोंद राहू द्या. आत्या हटून बसली. शेवटी त्या एकेचाळीस नावांपुढे 'माहीत नाही' असं लिहिलं गेलं, आणि ते तसंच घ्यायला मशीनला शिकवायला त्यांना आणखी तीन आठवडे लागले.

आत्या आता निवृत्त आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र ती अजून जाते. तळघरात दुसऱ्या विभागांच्या तशाच फायली तपासायच्या राहिल्या आहेत आणि जुन्या डॉक्टरांचं अक्षर तिच्याशिवाय कुणाला लागत नाही.