रंगूनच्या भाऊजींचा कायदा

मुलांनो, परक्या माणसाला देशात घ्यावं की नाही आणि घेतलं तर त्याने कसं वागावं, याचा रंगूनच्या भाऊजींइतका कडक विचार केलेला माणूस सबंध भोर संस्थानात दुसरा नव्हता. तुमच्याकडच्या व्हिसाच्या गप्पा फोनवर ऐकल्या की मला त्यांची आठवण येते. तुमच्या आजोबांचे हे चुलतभाऊ विशीत ब्रह्मदेशात गेले, रंगूनच्या एका भातगिरणीत वीस वर्षं कारकुनी केली, आणि बेचाळीस साली जपानी बॉम्ब पडू लागल्यावर हजारो हिंदी लोकांबरोबर डोंगर-जंगल तुडवत परत आले. त्या वाटेबद्दल ते एकदाच बोलले. म्हणाले, जो बसला तो पुन्हा उठला नाही. शेवटी शेवटी आम्ही बसलेल्यांकडे पाहायचंही सोडलं. एवढं सांगून त्यांनी ताटातला भात संपवला.

बाकी वेळ त्यांचं बोलणं अखंड चाले. घरात ब्रह्मी थाटाची लुंगी नेसत. चहाचा चोथा लसूण-शेंगदाणे घालून तेलात कालवून खात, तेव्हा सासूबाई नाकाला पदर लावून परसात जाऊन बसत. भोरात कोणी परगावचा राहायला आला की दुसऱ्या दिवशी भाऊजी त्याच्या दारात हजर. साताऱ्याहून बदलून आलेल्या पोस्टमास्तरांची त्यांनी नीरा नदी कुठून येते, वेळवंडी तिला कुठे मिळते, अशी परीक्षाच घेतली आणि त्यांना नापास करून आले. ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावची भाषा बोलायची, हे त्यांचं पहिलं कलम. पेठेतल्या मारवाडी दुकानदाराला त्यांनी विचारलं, "शेटजी, भाव मराठीत करता, पण भांडण कुठल्या भाषेत करता?"

"भांडायला बायको लागते," शेटजी शांतपणे म्हणाले, "अन् ती मारवाडीच बोलते."

एरवी भाऊजी खो खो हसले असते. त्या दिवशी तसेच घरी आले, आणि संध्याकाळी त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. रंगूनला त्यांची ब्रह्मी बायको होती. आपल्या रीतीप्रमाणे लग्नात त्यांनी तिचं नाव बदललं, तिला नऊवारी नेसायला, पुरण वाटायला, तुळशीला पाणी घालायला शिकवलं; स्वतः मात्र तिच्या भाषेत फक्त बाजार करायला शिकले. एवढं करूनही पळापळीत तिला आणलं नाही. भोरात तिला चुलीपाशी कोण घेणार, या भीतीने 'दोन-चार महिन्यांत येतो' म्हणून तिच्या आईकडे ठेवलं.

"तिला सगळं भोरचं शिकवलं, वहिनी," ते म्हणाले. "भोरला काही शिकवायची छाती झाली नाही."

लढाई संपली. ती सुखरूप आहे असं रंगूनहून आलेल्या एका ओळखीच्याने सांगितलं, तेव्हापासून भाऊजींना परत जायचा ध्यास लागला. त्यांनी तिची भाषा शिकायला घेतली. पण जवळ शब्द होते ते 'केवढ्याला', 'महाग', 'कमी कर' एवढेच. ते गोठ्यातल्या म्हशीला रोज ऐकवत. वेल्ह्याकडच्या पासली गावचा एक जवान ब्रह्मदेशात लढून आला होता. तो तांदूळ घेऊन आमच्याकडे आला, तर भाऊजींनी पोतं उतरायच्या आधीच त्याच्याकडे शिकवणी मागितली.

"आमास्नी कुठलं येतंय, काका," तो म्हणाला. "फौजेत लागंल तेवढंच. पानी कुठं हाय. आनि गावात शिरताना म्हनायचं, भिऊ नगा."

"ते दुसरं सांग," भाऊजी म्हणाले.

दुपारभर तो जवान पोत्यावर बसून ते म्हणत होता आणि भाऊजी त्याच्यामागून.

परवान्याचा अर्ज मी इंग्रजीत लिहून दिला. ब्रह्मदेश स्वतंत्र होत होता, आणि परक्यांना आता परवान्याशिवाय प्रवेश नव्हता. परवाना नाकारला गेला. मी चिडले, वीस वर्षं राबलेल्या माणसाला परका म्हणतात म्हणजे काय, असं बोलून गेले. तर भाऊजी त्या कायद्याची बाजू घेऊन माझ्याशीच भांडले. गोऱ्यांच्या मागून आपण ब्रह्मी लोकांच्या देशात न विचारता शिरलो, तिथल्या गिरण्या, गोदी, कचेऱ्या भरून टाकल्या. आता त्यांनी दाराला कडी लावली तर चुकलं कुठे? मग त्यांचा आवाज उतरला.

"वीस वर्षं मी तिथं ज्याला त्याला सांगत आलो, मी पाहुणा, माझं घर भोरला. आता त्यांनी ते खरं मानलं."

मग तिलाच इकडे बोलवा, मी म्हटलं. सासूबाईंचं मी पाहते. निरोप गेला. पुष्कळ महिन्यांनी तिचं उत्तर आलं ते असं, की मी येणार नाही. इथे मला माझ्या नावाने हाक मारतात.

त्यानंतर भाऊजी मरेपर्यंत भोरातच राहिले, पण लोकांना कायदा सांगणं संपलं. कुणाचं नवखं बिऱ्हाड आलं की कळशीभर पाणी घेऊन जात, सामान उतरवू लागत, आणि एकही प्रश्न न विचारता परत येत. मोटारींच्या अड्ड्यावर त्यांना कोणी सहज विचारलं, कुठले आपण, तर ते विचार करत उभे राहत. उत्तर सुचेपर्यंत विचारणारा पुढे निघून गेलेला असे.