चोरीला गेलेली ओळख आणि आमचा गोलकी

माझ्या सायकलच्या दुकानात भिंतीला एक खिळा आहे. पंक्चर काढून काढून ज्यांच्यात आता ठिगळाला जागाच उरली नाही, अशा ट्यूबा मी त्याला अडकवून ठेवतो. कुणी मागत नाही आणि मला टाकवत नाहीत. किश्श्यांचंही तसंच झालंय बघा. खिळा वाकायला लागलाय, म्हणून आज एकाच पिक्चरचे तेवढे काढून तुमच्यापुढं ठेवतो.

पिक्चर मारामारीचा होता. हिरोच्या डोक्यात मार बसतो आणि त्याला काही म्हणजे काही आठवेनासं होतं. तेवढ्यात दुसराच एक जण त्याचं नाव, त्याचं घर, त्याची कागदपत्रं सगळं उचलतो आणि ‘तो मीच’ म्हणून फिरायला लागतो. मग गाड्या उडतात, काचा फुटतात, आणि शेवटी कळतं की हे सगळं हिरोच्या जिवलग दोस्ताचंच काम.

पिक्चर चांगला का वाईट हे पेपरात लिहिणारे लिहोत. शिवाजी पेठेत त्याचा काय निकाल लागला, तेवढं मी सांगतो.

*

आम्ही तिघं गेलतो. मी, माझ्या शेजारच्या गाळ्यातला शिंपी बटणभाई, आणि गोलकी. गोलकी म्हणजे आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचा एके काळचा गोलकीपर. मला सगळे चेन म्हणतात. आमच्याकडं एकदा असं नाव पडलं की आईबापानं ठेवलेलं नाव लग्नाच्या पत्रिकेत छापायला तेवढं उरतं.

पिक्चर सुटला की दूध कट्ट्यावर जायचं, ही आमची जुनी रीत. तिथं श्रीपती गवळ्याच्या म्हशी बांधलेल्या असतात. समोर धार काढायची, फेसासकट ग्लास हातात घ्यायचा, आणि ग्लास संपायच्या आत पिक्चरचा निकाल लावायचा.

पहिला बोलला बटणभाई. त्याला पिक्चर अजिबात पटला नव्हता. म्हणाला, त्या चोरानं हिरोचं नाव चोरलं ते ठीक, पण हिरोचा कोट घातला आणि तो त्याला खांद्यात बरोबर बसला?

“दुसऱ्याच्या मापाचा कोट उचलून घातला की खांद्यात वडतोयच. पोलिसांनी तिथंच धराय पायजे हुता. पिक्चर हिंटरवलच्या आत सपला असता!”

श्रीपतीनं पिक्चर बघितला नव्हता, त्यामुळं त्याचं मत एकदम पक्कं होतं. चोर एवढे दिवस हिरोच्या घरात राहतो आणि घरच्या माणसांना पत्ता लागत नाही, हे ऐकल्यावर त्यानं बादली खाली ठेवली.

“घरात म्हस न्हवती काय?”

आम्ही म्हटलं, नव्हती बाबा. मुंबईतलं घर.

“मग चुकी त्यांचीच हाय. म्हस असती तर पैल्याच सांजंला घोटाळा भायेर. परका हात लागला की ती पान्हा सोडत न्हाय. मग तुमी कायबी कागुद दाखवा.”

गोलकी सगळ्यांचं ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “आपल्या पेठंत असलं चालणार न्हाय. हितं कोण कुणाचं नाव चोरतोय?”

*

ते त्याचं म्हणणं त्याच आठवड्यात खरं झालं.

कुरिअरवाला पोरगा एक खोकं घेऊन दुकानापुढं थांबला आणि दत्तात्रय पाटील कुठं राहतात म्हणून विचारायला लागला. मी बटणभाईकडं बघितलं, बटणभाईनं माझ्याकडं. असला कोण आम्हाला माहीत नव्हता. बाकावर बसलेल्या गोलकीनं तर त्याला हात करून पुढच्या गल्लीत घालवला.

“हितं न्हाय कोण त्या नावाचा. तिकडं पाटील लई हायती.”

संध्याकाळी गोलकीची बायको, आमच्या वैनी, तेच खोकं हातात घेऊन दुकानात आल्या. पोरगा चार गल्ल्या फिरून दमून त्यांच्याच दारात पाणी मागायला थांबला होता. दत्तात्रय पाटील म्हणजे आमचा गोलकी!

आम्ही पोट धरून हसलो. वैनी हसल्या नाहीत. खोक्यात गोळ्या होत्या. पुण्याच्या मुलानं बापाला पाठवलेल्या, विसरण्यावरच्या.

*

ह्या मुलाची एक गोष्ट तालमीत अजून निघते. तो जन्मला त्या दिवशी आमची फायनल होती. सामना बरोबरीत आणि गोलकी पोस्टात असा उभा, की बॉल जायला वाट नाही. तेवढ्यात बटणभाई दवाखान्यातनं पळत आला आणि पोस्टामागनं ओरडला, “गोलकी, पोरगं झालं!”

गोलकीनं मागं बघितलं. बॉल आत.

कप गेला. तालमीतले बरेच दिवस बटणभाईशी बोलत नव्हते. आणि वैनी बाळाला घेऊन देवळात निघाल्या की म्हातारी माणसंसुद्धा बाळाकडं बघून म्हणायची, “ह्येला तीच येळ गावली व्हय?”

पोराचं नाव संजय. शिकला, दहावीनंतर बाहेरच राहिला, पुण्यात मोठा झाला. यायचा तो रिक्षानं दारात उतरायचा आणि दारातनंच परत जायचा.

*

गोळ्या सुरू झाल्या, तरी गोलकी रोज सकाळी येऊन विचारायचा, “अरं चेन्या, त्यो मारामारीचा पिक्चर लागलाय म्हणं. जायाचं काय?”

पहिल्यांदा मी सांगितलं, बघितला की आपण. त्याचं तोंड इतकं उतरलं की पुन्हा सांगायचं धाडस झालं नाही. आम्ही परत गेलो. मध्यंतरात त्यानं आम्हा दोघांना जवळ घेतलं आणि हळूच सांगितलं, “दोस्तानंच केलंय बघा हे. माझं ध्येन हाय.” शेवटी तसंच निघाल्यावर असा खूश झाला! मग कट्ट्यावर ग्लास हातात धरून आमच्याकडं बघत बसला.

“आता तुमच्यातला कोण हाय, ते आदीच सांगून टाका.”

बटणभाई म्हणाला, “तुझं चोरून काय करू? तुझं गुडघं बी चोरावं लागतील.”

*

तिसऱ्या खेपेला मात्र आमच्या तोंडचं पाणी पळालं. थेटरात तीन पडदे. गोलकी मध्यंतरात मुतारीला म्हणून गेला तो परत आलाच नाही. आम्ही जिने, बाहेरचा रस्ता, गाड्यांची जागा, सगळं पालथं घातलं. बटणभाईनं किती नवस बोलले असतील त्याचं त्याला माहीत.

पिक्चर सुटायला शेजारच्या पडद्याच्या दारातनं गर्दी आली, आणि तिच्यात गोलकी. खुशीत. आत वेगळाच पिक्चर चालला होता, वेगळाच हिरो, आणि ह्यानं तो शेवटपर्यंत बघितला होता.

मी विचारलं, अरे, हिरो बदललेला तुला कळला नाही?

“कळला की. ओळखच चोरलीया म्हटल्यावर थोबाड बदलणारच.”

आम्ही हसत घरी आणला. पण वैनींना खोटं सांगता येईना. त्यांनी रडत पुण्याला फोन केला.

*

संजय आला. बापाला पुण्याला न्यायचं म्हणून दोघांची बसची तिकिटं काढूनच आला; वैनी घर आवरून मागनं जाणार होत्या. अकराव्या मजल्यावर फ्लॅट, खाली वॉचमन, दाराला आतनं कुलूप. बापाला काही कमी पडलं नसतं, हे मलाही कबूल. पण तिथं गोलकी म्हणून हाक मारणारा कोण?

डॉक्टरनं त्याला सांगून ठेवलं होतं, काय काय विचारायचं ते. माझ्या दुकानातच त्यानं विचारायला सुरुवात केली. आज वार कुठला? तो चुकला. गावाचं नाव? ते आलं. मग संजय म्हणाला, “बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

गोलकी माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं.

“बघितलंत ना काका?” संजय मला म्हणाला.

बटणभाई बोलला, “ते त्या कुरिअरवाल्याला सांगाय आमाला बी आलं न्हवतं. मग आमाला बी न्हे पुण्याला.”

संजय हसला नाही. त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. एक प्रश्न त्याच्याकडं अजून शिल्लक होता. स्वतःच्या छातीवर हात ठेवून बापाला विचारायचं, हा कोण? तेवढा त्यानं विचारला नाही. सकाळपासनं बाप त्याला ‘साहेब, च्या घ्या’ म्हणत होता, ते मी ऐकलं होतं.

शेवटी त्यानंच तोड काढली. थेटरापासनं घरापर्यंत बाबांनी एकट्यानं चालत यायचं. आले, तर राहू देत इथंच. नाही आले, तर उद्या सकाळची बस. आम्ही खुणा करू म्हणून आम्हा दोघांना त्यानं वैनींजवळ दारात बसवलं, आणि स्वतः टोपी, तोंडाला मास्क लावून बापाच्या मागनं निघाला. बाप कुठं चुकतो ते डॉक्टरला दाखवायला मोबाईलवर शूटिंगही करणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये संजय एकटाच बसला. शेजारची सीट मोकळी गेली. ते कसं, ते श्रीपतीच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो.

*

गोलकी पहिल्याच चौकात उलटा वळला. पानवाल्यानं टपरीतनं हाक मारली, “गोलकी, तिकडं कुटं? घर हिकडं की,” आणि खाली उतरून, खांद्याला धरून सरळ केला. पुढं एका फुलवालीनं वळवला. असा हातोहात तो दूध कट्ट्याला पोचला आणि तिथं थांबला. श्रीपतीनं न विचारता ग्लास हातात दिला.

देताना त्याची नजर मागं गेली. टोपीवाला एक माणूस, गोलकी थांबला की थांबतोय, आणि मोबाईल त्याच्यावर धरलेला.

श्रीपतीनं बादली ठेवली आणि जाऊन मनगट धरलं. “काय पावणं, म्हाताऱ्याच्या मागनं काय चाललंय?”

संजयनं मास्क काढला, मी त्यांचा मुलगा म्हणाला. नाव विचारलं, तर संजय पाटील. श्रीपतीनं चारी बाजूला विचारलं. संजय पाटील कुणालाच माहीत नव्हता. गर्दी जमली. मग संजयनं खिशातनं आधार कार्ड काढलं. श्रीपतीनं ते उलटंसुलटं बघितलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

“कार्ड त्या पिक्चरमधल्या चोराजवळ बी हुतं.”

आता संजयला दुसरं काही उरलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, “बाबा, तुम्हीच सांगा की ह्यांना, मी कोण ते.”

श्रीपती सांगतो, पोराचं तोंड असं झालं होतं, की काय उत्तर येतंय ते ऐकायला नको असावं.

गोलकीनं घाई केली नाही. ग्लास संपवला. मिशीचा फेस पुसला. मग त्या टोपीवाल्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं.

“सोडा त्येला,” म्हणाला. “ह्येच्यासाठीच मागं बघितलंतं मी.”