गळ्यापर्यंत वाळू

जन्मभर मशीनवर वाकून वाकून मास्तरांच्या पाठीची कमान झाली होती. शिवणकामाचं दुकान बंद ठेवून गावाला जाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पण दोन्ही जावयांनी गाडी केली आणि सगळ्यांना समुद्रावर आणलं, तेव्हा मास्तर हरखून गेले.

किनाऱ्यावर नुसती झुंबड. रंगीत छत्र्या, कानठळ्या बसवणारी गाणी, अंगाला तेल चोपडून पहुडलेली माणसं. मास्तर मात्र लाटांपासून चार हात लांबच बसले. पाण्याला ते भयंकर भ्यायचे. बायको चारचौघांत सांगायची, "आमचे हे बादलीलासुद्धा वळसा घालून जातात!"

"बाबा, तुम्हाला वाळूत पुरतो. मजा येईल," थोरले जावई म्हणाले.

जावयाचं मन कसं मोडायचं? पाण्याच्या कडेला खणलेल्या खड्ड्यात मास्तर निमूट बसले. दोघांनी त्यांचे हात अंगाशी धरून वाळू चोपून भरली, थेट गळ्यापर्यंत. धाकट्या लेकीनं आपला गॉगल त्यांच्या डोळ्यांवर चढवला. मग "आलोच हं, बोटीतून एक चक्कर मारून!" म्हणत सगळे पसार झाले.

येणारेजाणारे थांबून हसू लागले. एकानं विझलेली सिगारेट त्यांच्या ओठांत खोचली. मास्तरही कसनुसं हसले. एवढ्यात एक लाट हनुवटीला लागून गेली.

"अहो, काढा मला! कुणीतरी काढा!"

"काका काय ॲक्टिंग करतात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढची लाट नाकातोंडात शिरली. तेव्हा कुठे शहाळी विकणारी बाई टोपली टाकून धावली, लोकांना शिव्या हासडत दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. मास्तर बाहेर आले ते लटपटत, खोकत. पँट ओली झाली होती. ती समुद्रानंच भिजवली असं म्हणायची सोय तरी होती.

हॉटेलच्या खोलीत बायको म्हणाली, "गुडघाभर पाणी नव्हतं. माणसाला जरा गंमत कळावी!"

थोरल्या जावयांनी मोबाइल पुढे केला. "बघा बाबा, कसलं भारी आलंय!"

म्हणजे बोटीत कुणी गेलंच नव्हतं. छत्रीआड उभं राहून सगळं टिपलं होतं. मास्तरांचं डोकं पाण्यात बुडत होतं, आणि जवळून एक आवाज येत होता : "थांबा ना भाऊजी! अजून एक लाट येऊ दे, मग जाऊ."

"पुन्हा लावा," मास्तर म्हणाले.

सगळे खूश झाले. जावयांनी पुन्हा लावलं. आवाज धाकटीचाच होता. लग्न होईपर्यंत तिनं बाहेर शिवलेला कपडा अंगाला लावला नव्हता.

ती मागून येऊन बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, किती खिलाडू आहात तुम्ही!"

मास्तरांनी तिचे हात सोडवले. "जाताना दार ओढून घे," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"बघितलंत?" ती फुरंगटून म्हणाली. "यांना कुठे न्यायची सोयच नाही."