प्रभाआत्याची आडवी बाटली

प्रभाआत्या कुणाच्याही हातावर चॉकलेट ठेवण्याआधी त्याचं तोंड नीट निरखायची आणि मग ठरवायची, याला कमी कडू द्यायचं की जास्त. पहिल्याच भेटीत मला म्हणाली, "तुला सत्तर टक्के कोकोवालं. तू हसतेससुद्धा भाषण दिल्यासारखी."

ती माझी आत्या नव्हे, गंगापूर रोडवरच्या आमच्या अख्ख्या इमारतीची. आधी तिचं वधूवर सूचक मंडळ होतं. असली मंडळं म्हणजे जातीची दुकानं, असं मी तिला तोंडावर सुनावलं होतं. "खरंय गं," ती शांतपणे म्हणाली. "पोरीचा रंग, पोराचा पगार आणि दोघांची पोटजात. कान किटले, म्हणून शटर ओढलं. चॉकलेटला पोटजात नसते. आता त्याचं जुळवते."

नाताळच्या सुट्टीत ती सगळ्यांना घरी बोलवायची. टेबलावर चॉकलेट, चीज आणि आपल्या नाशिकचीच वाईन. नवख्यांची शिकवणी ठरलेली. "गुलाबजाम खाऊन चहा प्यायलास की चहा कसा लागतो?"

"फिका."

"मग! गोड चॉकलेटवर कोरडी, म्हणजे बिनगोडाची, वाईन आंबट लागते. वाईन चॉकलेटपेक्षा गोडच हवी. एका ताटात आलात ना, मग एकानं दुसऱ्याला गप्प करायचं नाही." आणि चीज? "ते मध्यस्थ. जरा खारट असतं, पण त्याच्यावाचून बोलणी पुढं सरकत नाहीत."

आमच्या घरचं मात्र माझ्याशिवाय तिथं कुणी जात नसे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर दारूबंदीची पत्रकं लिहिली, छापली, बसस्टँडवर उभं राहून वाटली. 'द' दारूचा, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. मीही पीत नाही. वाईनला 'फळांचा रस' म्हणणारे भेटले की आजही माझं डोकं फिरतं.

आणि मी प्रेमात पडले ती निखिलच्या. दिंडोरीकडचा मुलगा, घरची बाग वाईनच्या द्राक्षांची! अण्णांनी एका वाक्यात निकाल दिला, "दारूच्या कच्च्या मालाशी सोयरीक नाही." त्याच्या आईला भेटायलाही ते तयार होईनात. नोंदणी करून लग्न उरकता आलं असतं, पण अण्णांशिवाय मला त्या कागदावर सही करायची नव्हती.

आत्याला सांगितलं, तर ती तडक खाली आमच्याकडे आली. "अण्णा, यंदा नाताळात याच. माझ्याकडे बाटली आडवी आहे. शपथेवर सांगते."

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असलं की बाया मतदान करतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. आडवीची मतं भरली की दुकानाला टाळं. अण्णांची निम्मी हयात या आडव्या बाटलीच्या प्रचारात गेलेली. ते गहिवरलेच. "प्रभाताई, अखेर तुम्ही आमच्यात आलात!"

खादीचा सदरा घालून, पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून ते वर गेले. तिथं निखिल आणि त्याची आई सुरेखाताई बसलेले. आणि भिंतीलगतच्या मांडणीत वाईनच्या बाटल्या ओळीनं झोपवलेल्या.

"ही फसवणूक आहे!" अण्णा कडाडले.

"आडव्या आहेत की नाहीत? वाईन आडवीच ठेवतात अण्णा, बूच ओलं राहायला."

अण्णा चपला शोधू लागले. मागोमाग आलेली मी दारातच उभी राहिले. आता हे गेले की पुन्हा विषय निघणार नाही.

"दादा," सुरेखाताई म्हणाल्या, "त्यातलं एक पत्रक द्या की मला." अण्णांनी सवयीनं दिलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "आमच्या गावात बाटली आडवी झाली, तवा म्होरं मीच होते. मालकांनी देशीपायी बागेचं पार वाटोळं केलं होतं. आता माणूस माणसात हाय."

"आणि तरी वाईनची द्राक्षं लावता?"

"लावते. खटकतं दादा, लय खटकतं. पण भांडायचं तर बसून भांडू की. चपला काय शोधताय?"

अण्णा बसले! आत्यानं त्यांच्यापुढे सत्तर टक्केवाला तुकडा ठेवला आणि शेजारी सुरेखाताईंनी घरी सुकवलेले बेदाणे. "कडूला जोडीला गोड लागतंच, अण्णा. ते बाटलीतलंच हवं असं कुठंय?" मग अण्णा आणि सुरेखाताई असे काही भांडले की चीज घामेजलं, तरी कुणी उठेना. निघताना अण्णा म्हणाले, "बाई चुकीच्या आहेत, पण खऱ्या आहेत." आत्यानं पत्रकं उचलली, प्रत्येक ग्लासाशेजारी एकेक ठेवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "कुणी कुणाला गप्प केलं नाही. जुळलं गं!"

आमच्या लग्नात साक्षीदाराची पहिली सही अण्णांची होती, दुसरी आत्याची.

यंदाच्या पावसाळ्यात आत्या गेली. म्हणून नाताळाचं टेबल आमच्याकडे मांडलं. तिच्या मांडणीतली उरलेली एक बाटली निखिलनं आणून शोकेसवर उभी ठेवली. अण्णा ग्लासांशेजारी पत्रकं मांडत होते. मध्येच थांबले, बाटलीकडे बघत राहिले.

"आडवी कर रे ती," ते निखिलला म्हणाले. "बूच वाळेल."