देव पाण्यात, लेक चढावर

वंदना, पत्रातूनच का होईना, जरा जवळ ये गं, कान इकडे कर. रागावणार आहे, पण मायेने रागावणार आहे, तेव्हा तोंड फिरवू नकोस. माझ्या सुनेकडून, मेघनाकडून, अर्धंमुर्धं ऐकलंस आणि घरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झालीस, ‘आत्याला साक्षात्कार झाला’ म्हणून! सांगलीपासून मस्कतपर्यंत सगळ्यांनी मला हात जोडलेली चित्रं पाठवली. अगं, साक्षात्कार झालेल्या बाईला इतका राग येतो का? त्या दिवसांत मी जेवढी संतापले तेवढी उभ्या जन्मात संतापले नसेन. लेकावर, समीरवर तर चिडले होतेच, पण खरा राग देवावर होता. तो कसा आणि का, ते आता माझ्याकडूनच ऐक.

तुला माहीत आहे, माझा समीर दिवसातून चार वेळा पोटात सुई टोचून इन्शुलिन घेतो. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, तर ह्याने सायकल घेतली. तिथवर माझी तक्रार नव्हती. शनिवारी पहाटे इथून, शारजातल्या अल मजाजहून, गाडीत सायकल टाकून वाळवंटातल्या ट्रॅकवर जायचा. तो ट्रॅक पोळपाटासारखा सपाट, सोबत दहाबारा जण, नऊला घरी पोहे खायला हजर. मग कुठून त्याच्या डोक्यात आयर्लंड शिरलं कोण जाणे. रोज जेवण झालं की लॅपटॉप माझ्यापुढे. “आई, हा रूट बघ, समुद्राच्या कडेने. हा तळ्यांचा. आणि हा डोंगरातला, हा सगळ्यात भारी.” प्रत्येक रूटखाली चढउताराची रेघ काढलेली. मी म्हटलं, “अरे, ही रेघ दवाखान्यात कागदावर निघते तशी दिसते. बघूनच माझ्या छातीत धडधडतंय.” तर हसला. वाळवंटात पाच वर्षं एकाच पातळीवर पाय मारून कंटाळा आला म्हणे, आता वरखाली जायचंय. मी म्हटलं, तुझी साखर वरखाली जाते तेवढं पुरे नाही का? त्यावर मेघना त्याचीच बाजू घेते, आणि नात तर काय, “आजी, लेट हिम लिव्ह!”

माझं कुणी ऐकेना, तेव्हा मी काय केलं ते आजवर तुलाही कुणी सांगितलं नसेल. सासूबाईंचा पितळी बाळकृष्ण देव्हाऱ्यातून उचलला आणि पाण्याच्या वाडग्यात ठेवला. म्हटलं, माझ्या लेकाला व्हिसा मिळू देऊ नकोस. नकार येईपर्यंत तुला बाहेर काढणार नाही. मेघनाने वाडगा पाहिला, कारण विचारलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. “अहो आई, लोक व्हिसा मिळावा म्हणून देव पाण्यात घालतात!”

अठराव्या दिवशी व्हिसा आला. समीर पेढे घेऊन आला, बाळकृष्णापुढे ठेवायला म्हणून, आणि देव्हाऱ्यात जागा रिकामी. मी एकही पेढा तोंडाला लावला नाही. आणि देव? त्याला मी पाण्यातच राहू दिलं. हो, मुद्दाम. रोज पाणी बदलायचे, पण काढायचे नाही. वाडग्याकडे बघून बोलायचे, “नाकातोंडात पाणी गेलं तरी ऐकत नाहीस ना? मग बस तिथेच.” इतकी वर्षं फुलं, इतकी वर्षं लोणी-साखर, आणि मागितलं काय, तर एक नकार! तोही ह्याला देता येईना. समीर निघाला तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद पुटपुटले, पण हात काही त्याच्या डोक्यावर गेला नाही. तो हात आजही मला टोचतो.

तिकडे गेल्यावर रोज त्याचा आवाज रेकॉर्ड होऊन यायचा. रस्ता एवढा अरुंद की ट्रॅक्टर आला तर सायकल कुंपणात घालावी लागते, रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय, मेंढ्यांच्या पाठीवर निळा रंग फासलाय, ऊन आणि पाऊस एकाच वेळी. चढ संपला म्हणून हुश्श करावं तर उतार, आणि उताराच्या पायथ्याशी दुसरा चढ वाट बघतोय. ऐकताना वाटायचं, किती सुखात आहे लेकरू. आणि तेवढ्यात परत राग यायचा, की आपल्याशिवाय सुखात आहे.

पाचव्या दिवशी त्याच्यासोबत गेलेला सायकलचा जोडीदार गुडघा धरून हॉटेलात बसला आणि हा शहाणा एकटा निघाला, त्या डोंगरातल्या रूटवर. नातीच्या मोबाईलवर नकाशात त्याचा निळा ठिपका दिसायचा. आपल्याकडे संध्याकाळचे पाच, तिकडे दुपारचे दोन. ठिपका एका चढाच्या मध्यावर थांबला. नात म्हणाली, “आजी, रिलॅक्स. फोटो काढत असेल.” अर्धा तास झाला. फोन केला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. पाऊण तास. मेघना ऑफिसातून निघून दुबई-शारजा रस्त्यावर गाड्यांत अडकलेली. तिने जोडीदाराला फोन लावला, तो हॉटेलवाल्याची गाडी शोधायला धावला, पण ते ठिकाण तिथून तासाभरावर. साखर उतरली की समीरची बोबडी वळते, मग बोलता येत नाही, मग शुद्ध जाते. हे मी घरात तीनदा पाहिलंय. तेव्हा जवळ मी होते, साखरेचा डबा होता. तिथे कोण?

मी स्वयंपाकघरात गेले. काय बोलले ते जसंच्या तसं लिहिता यायचं नाही, इतकं वाईट बोलले मी देवाला. म्हटलं, मी हेच सांगत नव्हते का? आणि मग मागायला तोंड उघडलं, तर शब्दच येईनात. काय मागू? आधीची मागणी अजून वाडग्यात पडलेली. पाण्यात तो एवढासा रांगता देव, गुडघा टेकलेला, एक हात वर केलेला, पितळेवर हिरवट डाग चढलेले. वंदना, तेव्हा मला लाज वाटली गं. आपण ह्याला नोकरासारखं शिक्षेला बसवलं. मी जन्मभर भक्ती नव्हे, मुकादमी केली. देवावरही आणि पोरावरही. मी हात घालून त्याला बाहेर काढला. पदराने पुसला, चिंच लावून घासला, देव्हाऱ्यात ठेवून दिवा लावला. काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं, “माझं चुकलं. आता तो तुझा. कर काय ते.” राग गेला नव्हता, खोटं कशाला बोलू. तशीच दिव्यासमोर बसून राहिले.

बाहेरून नात ओरडली, “आजी! हलला! ही इज मूव्हिंग!” धावत गेले. ठिपका हलत होता, पण उलट्या दिशेने, आणि भलत्याच वेगाने. नातीचा चेहरा उतरला. “आजी, सायकल इतकी फास्ट नाही जात.” म्हणजे कुणीतरी गाडीत घातलंय. कोणत्या गाडीत, कसल्या अवस्थेत, काही कळेना. पोरगी माझ्या कुशीत शिरली. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघी त्या ठिपक्याकडे नुसत्या बघत होतो.

मग फोन वाजला. “आई, मी बरा आहे.” झालं होतं असं, की ऊन पडलं म्हणून जॅकेट हॉटेलात ठेवलं, आणि ग्लुकोजच्या गोळ्या त्या जॅकेटच्या खिशात. चढावर हातपाय थरथरायला लागले, दगडी कुंपणाला टेकून बसला, फोन पाठीवरच्या खिशात वाजत होता तो त्याला काढता येईना. तेवढ्यात एक म्हातारी मेंढ्यांच्या ट्रेलरची गाडी घेऊन आली. तिचा नेहमीचा रस्ता वेगळा. त्या दिवशी तिथे झाड आडवं पडलं होतं, म्हणून ह्या चढाच्या रस्त्याला वळली. बघताक्षणी तिला कळलं, कारण तिच्या नवऱ्यालाही हाच आजार होता. थर्मासमधल्या चहात जॅम कालवून तिने त्याला पाजला. भानावर आणला, सायकल ट्रेलरमध्ये टाकली, आणि गावच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत एकसारखी झापत होती. “आई, ती पहिलं काय म्हणाली माहितीये? तू इथे आहेस हे तुझ्या आईला ठाऊक आहे का?”

मी म्हटलं, “मेल्या, तिला सांग, मी तिच्या पाया पडते. आणि तू घरी ये, मग बघते तुझ्याकडे.” एवढं बोलून फोन नातीकडे दिला.

झाड का पडलं, कधी पडलं, मला विचारू नकोस. कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं, की जिथे माझा हात पोचत नाही तिथेही कुणाचा तरी पोचतो, आणि तो माझ्या हुकमाने हलत नाही. त्या माउलीचं नावही समीरला विचारायचं सुचलं नाही, तिच्यासाठी रोज एक फूल वाहते. समीर पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतोय! संताप येतो, येणारच, आई आहे मी. पण ह्या वेळी वाडगा शेल्फवरच राहील.

आणि तू रास अल खैमाला तासाभराच्या अंतरावर राहून दिवाळीपासून फिरकली नाहीस, त्याचा राग वेगळाच आहे बरं. येत्या शनिवारी जावईबापूंना घेऊन ये. समीर असेल, त्याच्या तोंडून बाकीचं ऐक, आणि मला थोडं रागावू दे. ये गं, लवकर ये.